आम्ही तेथें होतों!

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, त्या घराच्या ओटीवर एक वाक्य केव्हां ना केव्हां ऐकूं येतेंच. तें वाक्य म्हणजे "आम्ही तेथें होतों!" तें लढाईविषयीं किंवा राज्यारोहणाविषयीं क्वचितच उच्चारलें जातें, बहुधा तें एखाद्या गाण्याविषयीं असतें. "अमक्या सालीं, अमक्या गांवीं, अमक्याचें गाणें झालें, आणि आम्ही तेथें होतों," एवढें बोलून वृद्ध गृहस्थ थांबतात, डोळे किंचित् मिटतात, आणि ऐकणाऱ्या मुलांस वाटूं लागतें कीं, आपण जन्मास थोडे उशिराच आलों. हें वाक्य आम्हींहि आयुष्यभर ऐकिलें. आणि सांगावयास लाज वाटते तरी सांगतों, उसनें घेऊन तें पुष्कळ वेळां वापरिलें. त्या उसनवारीचा हिशेब या महिन्यांत चुकता करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हिशेबाचा आरंभ कोल्हापूरच्या एका आगीपासून होतो. सन २०२४ च्या ऑगस्ट महिन्याच्या ८ तारखेस रात्रीं तेथील केशवराव भोसले नाट्यगृह जळालें. श्रीशाहू छत्रपतींनीं १९१५ सालीं उभारलेली ही वास्तु; आरंभीं तिचें नांव 'पॅलेस थिएटर' असें होतें. पुढें ज्यांचें नांव तीस देण्यांत आलें, त्या संगीतसूर्य केशवराव भोसल्यांची जयंती दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे ९ ऑगस्ट रोजीं होती. शंभर वर्षांहून अधिक काळ जिनें सुरांचा भार वाहिला, ती इमारत आपल्या नायकाच्या जयंतीच्या आदल्या रात्रीं भस्म व्हावी, हा योग मोठा क्रूर होय. तिच्या पुनर्बांधणीचें काम पुढें हातीं घेण्यांत आलें, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्या दिवसांत आमच्या विट्यापर्यंत जीं बोलणीं येऊन पोंचलीं, त्यांत भिंतींची किंमत कोणी काढीत नव्हतें. जो तो आपण तेथें काय ऐकिलें, कोणत्या बाजूस बसलों होतों, आणि घरीं परततांना किती वाजले होते, एवढेंच सांगत होता. घर जळाल्यावर लोक भांडीं मोजतात. हें नाट्यगृह जळाल्यावर लोक तेथें घालविलेल्या रात्री मोजीत होते.

त्याच वर्षीं दिवाळींत आमचा पुतण्या पुण्याहून सहकुटुंब घरीं आला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्याचे दोन बालमित्र फराळास आले. एक मुंबईंत नोकरी करितो. दुसरा विट्यांतच यंत्रमाग चालवितो आणि आमचा जुना विद्यार्थी आहे. तिघेहि आतां पंचेचाळिशीच्या आसपासचे. चकल्यांचें ताट मध्यें ठेवून ते गप्पांत असे कांहीं रंगले कीं, दिवेलागण झाली तरी ओटीवरून कोणी उठेना. विषय होता त्यांनीं ऐन तारुण्यांत केलेल्या मुंबईच्या एका वारीचा.

ती वारी देवाची नव्हे. 'रोलिंग स्टोन्स' या नांवाचें एक इंग्रजी गायकवादकांचें मंडळ आहे. १९६२ सालीं तें लंडन शहरांत निघालें. ज्या संगीतास 'रॉक' असें म्हणतात, त्याच्या आद्य मंडळांत त्याची गणना होते. हें मंडळ २००३ सालच्या एप्रिल महिन्यांत हिंदुस्थानांत आलें. प्रथम बंगळूरास आणि मग ता. ७ रोजीं मुंबईस, चर्चगेटजवळच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर, त्याचें गाणें झालें. या तिघांनीं शाळकरी वयांत विट्यांतच, आमच्याच माडीवर, त्या मंडळाच्या ध्वनिफिती तुटेपर्यंत वाजविल्या होत्या. तेव्हां आम्हीं खालून ओरडत असूं, हेंहि त्यांस चांगलें स्मरत होतें.

"काका, गाणारा मिक जॅगर १९४३ सालचा," पुतण्या म्हणाला. "म्हणजे त्या रात्रीं साठीच्या उंबरठ्यावर. तो एवढ्या मोठ्या रंगमंचाच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत धांवत होता, आणि धांवतां धांवतां गात होता. पहिला सूर निघाला आणि सगळे लोक एकदम उठून उभे राहिले. मग कोणी खालीं बसलेंच नाहीं."

"माझ्या अंगावर कांटा आला होता," मुंबईकर म्हणाला. "शेजारचा अनोळखी मनुष्य माझ्या गळ्यांत पडून रडत होता. एकानें सदरा काढून हवेंत फिरविला. रात्रीं परत जावयास गाडी नव्हती. फलाटावर पडून राहिलों. परंतु झोंप कोणास येते?"

आम्हीं चष्मा पुसला आणि विचारिलें, "अरे, पण त्यांत ऐकावयाचें तें काय? एवढ्या गोंगाटांत षड्ज कोणता आणि ऋषभ कोणता, हें गाणारासहि कळत नसेल!"

तिघेहि हंसले, रागावलें कोणी नाहीं. शिक्षकाच्या थट्टेस विद्यार्थी रागावत नाहीं, हें एक शिक्षकाचें भाग्य आणि त्याच्या अनेक दोषांचें मूळहि आहे.

परंतु त्यांचें वर्णन ऐकतां ऐकतां आम्हांस एक जुना पाठ आठवूं लागला. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत सत्ताविसावा अध्याय सिद्धींचा आहे. प्रयोग साधला हें कशावरून ओळखावें, याचा तेथें विचार केलेला आहे. आणि मौज अशी कीं, मुनींनीं त्याचीं चिन्हें नटाच्या ठिकाणीं न पाहतां प्रेक्षकांच्या ठिकाणीं पाहिलीं आहेत. प्रेक्षक स्मित करितो, मोठ्यानें हंसतो, 'साधु' म्हणतो, 'अहो' म्हणतो, करुणप्रसंगीं 'कष्टम्' म्हणतो. ही वाङ्मयी सिद्धि. त्याच्या अंगावर रोमांच येतात, तो आसनावरून उठतो, अंगावरचें वस्त्र काढून देतो. ही शारीरी सिद्धि. या दोन्ही मानुषी. आणि जेथें शब्द नाहीं, क्षोभ नाहीं, कसला उत्पात नाहीं, आणि मंडप मात्र भरलेला आहे, तेथें दैवी सिद्धि जाणावी. ब्रेबोर्नवर दैवी सिद्धि खचित नव्हती. परंतु मानुषी सिद्धीचीं लक्षणें आमचा पुतण्या नाट्यशास्त्र न वाचतां क्रमवार सांगत होता, हें आम्हांस मनांतल्या मनांत मान्य करावें लागलें.

मनांत मान्य करणें निराळें आणि उघड मान्य करणें निराळें. मास्तराच्या ओटीवर परदेशी मंडळाचा जयजयकार व्हावा आणि मास्तरानें गप्प बसावें, हें कसें घडणार? आम्हीं पानाचा डबा पुढें ओढिला आणि संयुक्त मानापमानाची कथा काढिली.

वृद्ध वाचकांस ती पाठ असेल. तरुणांसाठीं थोडक्यांत सांगतों. 'मानापमान' हें सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें नाटक. त्याचा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीनें १९११ सालच्या मार्च महिन्यांत मुंबईस केला. पदांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. धनाच्या गर्वानें भामिनी शूर परंतु निर्धन अशा धैर्यधराचा अपमान करिते, आणि पुढें वनमालेच्या वेषानें त्याच्या सहवासांत येऊन त्याच्याच शौर्यावर लुब्ध होते, असें कथानक. भामिनी म्हणजे बालगंधर्व, हें समीकरण तेव्हांपासूनच ठरून गेलें. नारायण श्रीपाद राजहंस हें त्यांचें मूळ नांव. आणि त्यांचें नागठाणें गांव आमच्या विट्याहून फार दूर नाहीं, हें आम्ही अभिमानानें नमूद करितों. १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी निराळी निघाली. त्यापूर्वींच, १९०८ सालीं, कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांनीं हुबळीस ललितकलादर्श ही संस्था काढिली होती. हरिपूरच्या देवलांची शारदा लहानपणींच गाजविलेले हे केशवराव पुढें धैर्यधर करूं लागले. एकाचा गळा मधुर, दुसऱ्याचा तेजस्वी. आणि दोघांच्या चाहत्यांत भाऊबंदकीस शोभेल असा वाद.

अशा या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या टिळक स्वराज्य फंडासाठीं एका रंगमंचावर आल्या. ता. ८ जुलै १९२१, शुक्रवार. स्थळ मुंबईचें बालीवाला थिएटर. धैर्यधर केशवराव आणि भामिनी बालगंधर्व! लोकमान्यांस जाऊन तेव्हां वर्षहि पुरें झालें नव्हतें. ध्वनिवर्धक नव्हता, शेवटच्या रांगेपर्यंत सूर जावयाचा तो केवळ गळ्याच्या बळावर. त्या रात्रीं सरस कोण ठरलें, याचा निकाल शंभर वर्षें होऊन गेलीं तरी लागलेला नाहीं. आणि पुढें तीन महिने पुरे होण्यापूर्वींच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं, केशवराव विषमज्वरानें निवर्तले. वय अवघें एकतीस.

"आणि त्या रात्रीं," आम्हीं शेवटीं म्हणालों, "आमचे आजोबा त्या थिएटरांत होते."

ओटीवर क्षणभर शांतता पसरली. हीच ती दैवी सिद्धि, असें आमच्या मनांत येऊन गेलें. एवढ्यांत यंत्रमागवाला विद्यार्थी बोलला. "गुरुजी, ही गोष्ट तुम्हीं आम्हांस आठवीच्या वर्गांत सांगितली होती. बैलगाडीनें कुंडल रोडपर्यंत, तेथून मीटरगेजच्या गाडीनें पुण्यास, पुण्यास गाडी बदलून मुंबईस. मला ती अजून जशीच्या तशी आठवते. त्या गोष्टीमुळेंच मी यांच्याबरोबर २००३ सालीं मुंबईस गेलों. वाटलें, आपणहि एकदां कोठेंतरी असावें." मग तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, "पण खरें सांगावयाचें तर, मी तेथें नव्हतों."

"अरे, नव्हतास कसा?" पुतण्या म्हणाला. "आपण तिघे बरोबरच गेलों होतों."

"बरोबर गेलों, परंतु तिकिटाचे पैसे दोघांपुरतेच जमले होते. तुम्ही आंत गेलां. मी बाहेर, स्टेडियमच्या भिंतीला पाठ लावून, पदपथावर बसलों. मला जॅगर दिसला नाहीं, दिवे दिसले नाहींत. गाणें तेवढें ऐकूं आलें, तेंहि भिंतीवरून उडून आलेलें. लोकांचा आरडाओरडा वाढला म्हणजे समजावें कीं नवें गाणें सुरू झालें. माझ्याजवळ एक चणेवाला बसला होता. त्यास त्या गाण्याचें कांहीं नव्हतें. परंतु थोड्या वेळानें त्याच्या पायाची बोटें ठेक्यावर हलूं लागलीं. एक गोष्ट मात्र मला पक्की ऐकूं आली. त्यांचा ढोल वाजविणारा, चार्ली वॉट्स, तो घाई करीत नव्हता. एवढ्या गोंगाटांत तेवढा एक मनुष्य सावकाश होता. २०२१ सालीं तो गेल्याचें वाचलें, तेव्हां मीं कारखान्यांतले माग थोडा वेळ बंद ठेविले होते."

मग अशी मौज झाली कीं, आंत बसलेल्या दोघांत पहिलें गाणें कोणतें आणि दुसरें कोणतें यावर वाद जुंपला, आणि त्याचा निवाडा या बाहेर बसलेल्या गृहस्थानें केला! ज्यास दिसत नव्हतें, त्यानें नीट ऐकिलें होतें.

उठतांना त्यानें सहज विचारिलें, "गुरुजी, आजोबांचें त्या रात्रींचें तिकीट घरांत असेल काय हो? एकदां पाहावयास मिळालें तर फार बरें वाटेल."

आमच्या आजोबांस एक शिस्त होती. रोजचा जमाखर्च लिहिल्याखेरीज ते जेवावयास बसत नसत. त्यांच्या रोजकीर्दीच्या वह्या लाल फडक्यांत बांधून माळ्यावर ठेविलेल्या आहेत. तिकीट नसलें तरी तिकिटाचा खर्च असणारच, अशा विचारानें आम्हीं त्याच रात्रीं तें दप्तर खालीं उतरविलें. १९२१ सालची वही सांपडली. जुलै महिना उघडला, आणि आमचें बोट ८ तारखेवर येऊन थांबलें.

"बाजरीची पेरणी. मजूर चार, बैलजोडी एक." अक्षर आजोबांचेंच. ७ तारखेसहि तेंच, ९ तारखेसहि तेंच. मुंबईचें भाडें नाहीं, तिकीट नाहीं. त्या शुक्रवारीं आमचे आजोबा विट्यांत, आपल्या शेताच्या बांधावर उभे होते. मृगानें दगा दिल्यावर आर्द्रांत पाऊस आला असेल तर आमच्या या कोरड्या मुलुखांत पेरणी टाकून नाटकास जाणारा मनुष्य शहाणा म्हणविला जात नाहीं, आणि आजोबा शहाणे होते.

आम्ही पानें उलटीत गेलों. दहा दिवसांनंतरची एक नोंद दिसली: "मुंबईकर मित्र मुक्कामास. रात्रीं जादा घासलेट, २ आणे." दुसऱ्या रात्रींहि जादा घासलेट. मग दोन वर्षांनंतरची एक नोंद: "सांगलीस मानापमान. तिकीट, गाडीभाडें, फराळ." म्हणजे भामिनी त्यांनीं पाहिली होती, परंतु तेव्हां केशवराव हयात नव्हते. केशवरावांचें नाटक पाहिल्याची नोंद आम्हांस कोठेंहि आढळली नाहीं.

तें दोन आण्यांचें घासलेट पाहून सर्व उलगडा झाला. जो मित्र बालीवाला थिएटरांत होता, त्यानें दोन रात्री जागून सर्व नाटक आजोबांस सांगितलें असलें पाहिजे. आम्ही लहान असतांना आजोबा ओटीवर बसून धैर्यधराचा प्रवेश करून दाखवीत, छाती पुढें काढून तान घेत, आणि मग एकदम मान किंचित् कलती करून भामिनीचा नखरा दाखवीत. जो गळा त्यांनीं कधीं ऐकिला नव्हता, त्याची ती नक्कल होती. म्हणजे मित्रानें केलेल्या नकलेची नक्कल. आम्हीं खूप आठवून पाहिलें. "मी तेथें होतों" असें आजोबा कधीं म्हणाले होते काय? तसें स्मरत नाहीं. ते म्हणत, "धैर्यधर असा आला, भामिनी अशी वळली." ऐकणारांनीं समजावयाचें तें समजून घेतलें. आमच्या वडिलांनीं "आबा तेथें होते" असें म्हटलें. आणि आम्हीं तर बैलगाडी, कुंडल रोड आणि मीटरगेज हीं पदरचीं घातलीं. त्या काळीं मुंबईस जावयाचें तर असेंच जावें लागे, हें आम्हांस ठाऊक होतें. म्हणून आमची लबाडी सुरेख वठली. तीस वर्षें, आठवीच्या प्रत्येक वर्गांत, आम्हीं ती गोष्ट सत्य म्हणून सांगितली. निबंधांत कल्पित गोष्ट खरी म्हणून लिहिणाऱ्या मुलांचे गुण कापणारे ते आम्हीच!

सौभाग्यवतींनीं दिवा मोठा करून तें पान वाचलें. त्या म्हणाल्या, "अहो, मामंजींच्या वडिलांनीं खोटें सांगितलें नाहीं, खोटें तुम्हीं सांगितलें. मग तोंड एवढेंसें करून काय होणार? ज्यास सांगितलें, त्यास बोलावून खरें सांगा." आमच्या घरांत न्यायाधीशाचें पद कोणाकडे आहे, हें वाचकांस कळलेंच असेल.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. पडल्या पडल्या महाभारताचें आदिपर्व मनांत घोळूं लागलें. त्या ग्रंथाची ही एक रीत आम्हीं वर्षानुवर्षें शिकविली, परंतु तिचा अर्थ आम्हांस त्या रात्रीं समजला. नैमिषारण्यांत उग्रश्रवा सौति शौनकादि ऋषींस कथा सांगतो. परंतु तो कोठेंहि असें म्हणत नाहीं कीं, मी कुरुक्षेत्रावर होतों. तो स्वच्छ सांगतो: जनमेजयाच्या सर्पसत्रांत वैशंपायनांनीं जें सांगितलें, तें मीं ऐकिलें, आणि वैशंपायनांस तें व्यासांपासून प्राप्त झालें. युद्धाचा वृत्तांत तर धृतराष्ट्रास संजय सांगतो, आणि ऐकणारा जन्मांध! ज्यास कांहीं दिसलें नाहीं, त्यानें ऐकिलेलें ऐकून आपलें सर्व राष्ट्र वाढलें. कड्यांची नांवें सांगितल्यानें भारताची थोरवी उणी झाली नाहीं. उलट त्यामुळेंच ती परंपरा झाली. एक कडी लपविली कीं परंपरेची अफवा होते.

आमच्या आजोबांस धैर्यधर होतां आलें नाहीं, बालीवाला थिएटरांतहि जातां आलें नाहीं. परंतु उत्तम श्रोता होतां आलें. दोन रात्रींच्या घासलेटावर त्यांनीं जें मिळविलें, तें पन्नास वर्षें ओटीवर वांटलें. त्या प्रयोगाचें ध्वनिमुद्रण नाहीं. तेव्हां ध्वनिमुद्रणासाठीं गायकास कर्ण्यासमोर बसावें लागे, आणि तबकडीच्या एका बाजूस मावे तें तीन साडेतीन मिनिटांचें गाणें. रात्रभर चालणारें नाटक त्यांत कसें मावणार? तेव्हां ८ जुलै १९२१ ची रात्र राहिली ती माणसांतच राहिली: प्रथम ज्यांनीं ऐकिलें त्यांच्यांत, आणि मग ज्यांनीं त्यांचें ऐकिलें त्यांच्यांत. असें असतां "आजोबांनीं तें मित्राकडून ऐकिलें" एवढें खरें वाक्य आम्हांस कमीपणाचें कां वाटलें? कारण आम्हांस गाण्याची थोरवी सांगावयाची नव्हती. आमच्या घराची सांगावयाची होती.

याच दोषाचें दुसरें एक रूप आहे, आणि तेंहि आमच्या पिढींत फार बोकाळलें आहे. "आम्ही तेथें होतों" याच्या पाठोपाठ "आतां तसें कांहीं राहिलें नाहीं" हें वाक्य आम्ही जोडतों. बालगंधर्व १९६७ सालीं निवर्तले. शेवटच्या वर्षांत त्यांचे पाय अधू झाले होते. ते बसूनच गात. त्यांचें तरुणपण पाहिलेले कांहीं लोक तेव्हां म्हणत, "आतां काय राहिलें आहे?" परंतु ज्यांनीं त्यांस केवळ म्हातारपणींच ऐकिलें, त्यांतलेहि कित्येक तें गाणें जन्मभर उराशीं धरून बसले. साठीच्या जॅगरास धांवतांना पाहून आमचा पुतण्या भारावला, १९६० नंतरच्या दशकांत त्यास पाहिलेला एखादा लंडनचा म्हातारा कदाचित् म्हणेल, "तुम्हीं काय पाहिलें?" म्हातारे सर्व देशांत सारखेच! अशा बोलण्यानें मुलांस पूर्वीचें वैभव कळत नाहीं. आपल्यासाठीं दार बंद झालें आहे, एवढेंच कळतें.

आणि आज आपल्या कानांवर काय पडत आहे, हें तरी कोणास ठाऊक असतें? आपल्याच सातारा जिल्ह्यांतील पांचगणीचें उदाहरण घ्या. तेथील सेंट पीटर्स शाळेंत झांजीबारांत जन्मलेला फरूख बलसारा नांवाचा एक पारशी मुलगा वसतिगृहांत राहावयास आला. पुढें चार सोबत्यांसह त्यानें शाळेंतच 'द हेक्टिक्स' नांवाचा एक वाद्यवृंद काढिला. त्यांत तो पियानो वाजवी. शाळेच्या दिवाणखान्यांत त्याचें वादन ऐकणाऱ्या मुलांस आपण कांहीं विशेष ऐकत आहों, असें कशास वाटलें असेल? तोच मुलगा पुढें फ्रेडी मर्क्युरी या नांवानें 'क्वीन' मंडळाचा गायक झाला, आणि १९८५ सालीं लंडनच्या वेंब्ली मैदानावर त्यानें अफाट समुदायास आपल्या गळ्यामागें नाचविलें. वेंब्लीस होतों असें सांगणारे पुष्कळ भेटतील. परंतु पांचगणीस ज्यानें त्या अनोळखी पोराचा पियानो कान देऊन ऐकिला असेल, तो खरा भाग्यवान. कारण त्यानें नांव ऐकिलें नाहीं, वाजविणें ऐकिलें. सहृदय म्हणून साहित्यशास्त्रांत ज्याचें वर्णन आहे, तो याहून निराळा नसावा.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्हीं तिघांसहि पुन्हां बोलाविलें. रोजकीर्दीची वही यंत्रमागवाल्याच्या हातांत दिली आणि ८ जुलैचें पान उघडून दाखविलें. "बाबा रे," आम्हीं म्हटलें, "आमचे आजोबा तेथें नव्हते. बैलगाडी आमची, कुंडल रोड आमचें. तूं मुलगा असतांना आम्हीं तुला खोटें सांगितलें." शिक्षकाच्या आयुष्यांत एवढें वाक्य बोलावयास किती बळ लागतें, तें शिक्षकच जाणे.

त्यानें तें पान दोन वेळां वाचलें. पुढचीं पानें उलटून घासलेटाची नोंदहि वाचली. मग तो हंसला आणि म्हणाला, "म्हणजे गुरुजी, आजोबाहि माझ्यासारखे भिंतीबाहेरचेच म्हणावयाचे!"

आम्हांस एवढा मोठा दिलासा आजवर कोणीं दिला नव्हता. जातांना तो आणखी एक बोलला. त्याची मुलगी सातवींत आहे. ब्रेबोर्नवर आपण आंत होतों, असेंच त्यानेंहि तिला आजवर सांगितलें होतें. "आज घरीं जाऊन खरें सांगतों," तो म्हणाला. "चणेवाल्याची गोष्टहि सांगतों. ती मीं कोणास सांगितलीच नव्हती. आणि खरी पाहतां तीच माझी."

वाचकहो, या महिन्यांत एवढेंच मागणें आहे. आपल्या घरीं जो वृद्ध गृहस्थ किंवा वृद्ध माउली एखाद्या गाण्याची आठवण सांगते, ती सवड काढून ऐकावी आणि वहींत उतरून ठेवावी: तारीख, गांव, कोठें बसलां होतां, काय कानांवर पडलें. 'मीं ऐकिलें' आणि 'ऐकणाराकडून मीं ऐकिलें' हीं दोन सदरें निराळीं ठेवावीं. दुसरें सदर पहिल्याहून हलकें समजूं नये. आणि तरुणांनीं सांगितलेली आठवण आपल्या आवडीच्या संगीताची नसली, तरी तीहि त्याच वहींत लिहावी. आम्हीं आजोबांच्या १९२१ सालच्या रोजकीर्दीच्या शेवटीं जें एक कोरें पान होतें, त्यावर त्याच रात्रीं नवी नोंद केली: "ता. ७ एप्रिल २००३, मुंबई. ब्रेबोर्न स्टेडियम, भिंतीबाहेर. ढोल सावकाश होता. माझ्या विद्यार्थ्याकडून ऐकिलें."